मदत हवी आहे: कळंगुटला लग्न, हॉटेलने 'ड्रिप'चा मेनू पाठवलाय. क्लिनिक कसं निवडायचं?

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. मे महिन्यात चुलत दिराचं लग्न गोव्यात, कळंगुटला आहे. वऱ्हाड नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेसने मडगावला उतरणार, तिथून गाडीने पुढे. हॉटेलने व्हॉट्सअ‍ॅपवर आयव्ही ड्रिपची, म्हणजे शिरेतून द्यायच्या सलाईनची, यादी पाठवलीय: 'हायड्रेशन', 'पार्टी रिकव्हरी', 'ग्लो', 'इम्युनिटी'. नर्स खोलीवर येऊन लावणार, नाहीतर जवळच्या क्लिनिकमध्ये जायचं. घरातली पोरं आत्ताच नंबर लावून बसलीत, त्यामुळे 'घेऊच नका' हा सल्ला घरात चालणार नाही. क्लिनिक चांगलं की वाईट हे फोनवर आणि तिथे गेल्यावर कसं ओळखायचं, तेवढं नेमकं सांगा. सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत, बीपीची गोळी चालू आहे. त्यांनाही 'उन्हाचा त्रास नको म्हणून एक लावून घेऊ' असं चाललंय.

आयसीयू_सिस्टर
ताई, फोन लावा आणि समोरचा काय विचारतो ते ऐका. वय, वजन, बीपी, शुगर, किडनी किंवा हृदयाचा त्रास, चालू गोळ्या, ॲलर्जी, गरोदरपण, लघवी शेवटची कधी झाली हे पॅकेजच्या आधी विचारलं तर पुढे बोला. 'मॅडम किती जण, गोल्ड की प्लॅटिनम' अशी सुरुवात झाली तर ठेवून द्या. दुसरा प्रश्न तुम्ही विचारायचा: तुम्ही कोणाला ड्रिप नाकारता? 'सगळ्यांना चालतं, नॅचरल आहे' हे उत्तर आलं की विषय संपला.

डॉक्टर प्रत्यक्ष तपासणार का, हे स्पष्ट विचारा. नाव आणि नोंदणी क्रमांक मागा, राज्याच्या मेडिकल कौन्सिलच्या किंवा एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) संकेतस्थळावर तो शोधता येतो. गोव्यात २०१९ चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आहे, तेव्हा जागेची नोंदणी विचारण्यात गैर काही नाही. सुई लावणारी व्यक्ती जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएससी नर्सिंग झालेली, कौन्सिलकडे नोंद असलेली हवी. स्पाच्या पोरीला शिकवून उभं केलेलं नको.

खोलीवर बोलावू नका. हॉटेलच्या खोलीत उजेड कमी, बाटली पडद्याच्या दांडीला लटकवलेली, आणि काही झालं तर नर्स एकटी. क्लिनिकमध्ये ऑक्सिजन, बीपीचं मशीन, पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर आणि ॲड्रेनलिनचं ॲम्प्युल आहे का ते बघा. ॲलर्जीची जोरदार रिॲक्शन आली तर मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत ताबडतोब द्यावं लागतं. 'आमच्याकडे ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्ट (ॲलर्जीवरची नेहमीची इंजेक्शनं) असतं' हे अर्धंच उत्तर आहे. त्याने खाज कमी होईल, पण बीपी कोसळलं किंवा घसा सुजला तर उपयोग नाही.

१०८ गोव्यातही चालतो. जिल्हा रुग्णालय म्हापशाला, मोठं सरकारी हॉस्पिटल म्हणजे बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). बागा-कळंगुटच्या रस्त्यावर संध्याकाळी गाड्यांची रांग असते हे धरून चाला.

सिडको_ओटी
वर सगळं बरोबर. मी फक्त खुर्चीत बसल्यावर काय बघायचं ते सांगतो.

बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा. आधीच मिसळून फ्रिजमध्ये ठेवलेली 'रेडी' बाटली घेऊ नका, त्यात काय कधी घातलं ते कळायला मार्ग नाही. सील, बॅच नंबर, मुदत वाचा. बाटली उलटी धरून दाबायची, थेंब आला तर गळकी आहे. उजेडात धरून तरंगणारे कण किंवा गढूळपणा दिसतो का बघायचा. त्यात जे इंजेक्शन मिसळतील ते ॲम्प्युलही तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. एकाच वापराची वायल (इंजेक्शनची छोटी बाटली) चार पाहुण्यांत वाटली जात असेल तर उठून या, मग बिल झालेलं असो वा नसो. संसर्ग पसरायचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे.

एक सवय आपल्याकडे फार आहे: थेंब थांबले की बाटलीच्या बुडाला सुई टोचून 'हवा देणे'. त्या भोकातून खोलीतली हवा, धूळ, जंतू सरळ आत जातात. मऊ, आपोआप चपटी होणारी बाटली किंवा पिशवी असेल तर हवा द्यावीच लागत नाही. कडक बाटली असेल तर फिल्टरचं एअर व्हेंट (हवा आत घ्यायचं भोक) असलेला सेट, म्हणजे बाटलीची नळी, लागतो. सुई टोचताना दिसली तर थांबवा.

इंट्राकॅथ (शिरेत बसवायची बारीक नळी) निळं, म्हणजे २२ नंबरचं, पुरतं. गुलाबी २० नंबरही चालेल. स्पिरिट लावल्यावर ते वाळू द्यायचं, फुंकर मारायची नाही. वाळल्यावर पुन्हा बोटाने शीर चाचपली तर परत स्पिरिट. सेटमधली हवा काढून मगच जोडायचा. दोनदा शीर चुकली की तिसरा प्रयत्न दुसऱ्या माणसाने करावा.

वेग हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. आपल्याकडच्या नेहमीच्या सेटला २० थेंबांना १ मिली. ५०० मिली दीड तासात द्यायचं तर मिनिटाला साधारण ११० थेंब पडतात, म्हणजे जवळजवळ धारच. 'अर्ध्या तासात मोकळे' अशी जाहिरात असेल तर ते किती होतं ते तुम्हीच काढा. तरण्या धडधाकट माणसाला खपून जाईल, सासूबाईंच्या वयाला नाही. मॅग्नेशियम असलेली बाटली घाईने सोडली तर अंग भाजल्यासारखं गरम होतं, बीपी उतरतं, चक्कर येते.

हाताला सुईच्या वर गार, फिकट सूज आली म्हणजे पाणी शिरेबाहेर जातंय. 'थोडं होतंच' म्हणून चोळत बसायचं नाही, सेट बंद करून सुई काढायला लावायची.

जाता जाता कचऱ्याकडे नजर टाका. २०१६ च्या नियमांनुसार सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, नळ्या-बाटल्या लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्यात जातो. सुया साध्या डस्टबिनमध्ये दिसल्या तर आतल्या बाकीच्या शिस्तीचा अंदाज येतो.

द्वारका_मेडिकल
आता बाटलीत काय असतं ते.

'हायड्रेशन' म्हणजे एनएस (मिठाचं पाणी, नॉर्मल सलाईन) किंवा आरएल (रिंगर लॅक्टेट, क्षारांचं पाणी). एनएसच्या ५०० मिलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. डब्ल्यूएचओ दिवसभराच्या जेवणातलं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. बीपीच्या माणसाला गंमत म्हणून ही बाटली का लावू नये ते यातच आलं. डीएनएस (ग्लुकोज घातलेलं एनएस) असेल तर ५०० मिलीत २५ ग्रॅम ग्लुकोज, मधुमेह असलेल्याने आधी विचारायचं. 'इम्युनिटी'त मल्टिव्हिटामिन घालतात, त्याने बाटली पिवळीधमक होते. निफाड-दिंडोरीकडे 'पिवळी सलाईन' मागून घेतात तीच ही. बीचवर तिला इंग्रजी नाव मिळतं आणि किंमत बदलते. बाटलीवर एमआरपी छापलेली असते, वाचा. वरचे पैसे तुम्ही डॉक्टर, नर्स आणि जागेचे देताय, तेव्हा ते तिन्ही खरंच आहेत का ते बघा.

'ग्लो'त ग्लुटाथायोन आणि भरपूर व्हिटामिन सी. अमेरिकेच्या एफडीएने त्वचा उजळवण्यासाठी एकाही इंजेक्शनला मान्यता दिलेली नाही. व्हिटामिन सी मोठ्या डोसमध्ये, म्हणजे कित्येक ग्रॅम, देणार असतील तर आधी जी६पीडी तपासलेलं हवं. ते एन्झाइम कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी फुटतात. मुतखड्याचा इतिहास असेल तर नको. शिवाय मोठ्या डोसनंतर काही ग्लुकोमीटर शुगर खोटी वाढलेली दाखवतात, आणि त्या आकड्यावर कोणी इन्सुलिन घेतलं तर पंचाईत.

'पार्टी रिकव्हरी' मला सगळ्यात धोक्याची वाटते. दारू लिव्हर आपल्या गतीनेच संपवतं, बाटलीने ती लवकर उतरत नाही. बरं वाटतं ते त्यात मिसळलेल्या उलटीच्या आणि दुखण्याच्या इंजेक्शनमुळे. ओन्डान्सेट्रॉन, डायक्लोफेनॅक ही शेड्यूल एचची औषधं, प्रिस्क्रिप्शनशिवाय द्यायची नाहीत. आणि अंगात पाणी कमी असताना डायक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅक किडनीला मारक. मिश्रणातल्या प्रत्येक औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लेखी मागा. 'आमचा सिक्रेट फॉर्म्युला' म्हणणाऱ्याकडून शिरेत काही घेऊ नये.

सातपूरचा_सायकलवाला
इथेच निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना एकेक बाटली लावून घेतली तर? कॉलेज रोडला स्वस्तात होईल.

आयसीयू_सिस्टर
दादा, जादाचं पाणी किडनी काही तासांत बाहेर टाकते. मडगावला पोचेपर्यंत ती बाटली गाडीच्या संडासात गेलेली असेल.

त्यापेक्षा ओआरएसची पाकिटं बरोबर न्या. पाकिटावर 'डब्ल्यूएचओ फॉर्म्युला' लिहिलेलंच घ्या. गोड टेट्रापॅकवर 'ओआरएस' लिहायला एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, तरी दुकानात 'तेच द्या' म्हटलं की तसलंच काहीतरी हातात पडतं. मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात. अर्ध्या ग्लासात ओतून प्यायलात तर द्रावण घट्ट होतं आणि जुलाब वाढतात. केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. पाकीट नसेल तर १ लिटर पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करायचं. तोंडाने घेतलेलं पोटात राहत असेल तर बाटलीची गरज नाही.

गंगापूररोडकर
खूप आभार. सासूबाईंची गोळी बघितली: टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५, एकत्र. त्यांना ड्रिप रद्द केली. पण उन्हात त्रास झालाच तर? आणि शहाळं चालेल ना?

द्वारका_मेडिकल
या गोळीत लघवी वाढवणारा भाग आहे. उलट्या-जुलाब लागले किंवा खाणंपिणं सुटलं तर त्या दिवशी गोळी द्यायची की थांबवायची, हे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना निघायच्या आधीच विचारून कागदावर लिहून घ्या. घरातल्या घरात ठरवू नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अजिबात नको, या गोळीसोबत ती किडनीवर दुहेरी ताण देतात. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल ५००.

एखादं शहाळं चालेल, दिवसभर तेच नको. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. टेल्मिसार्टन पोटॅशियम अंगात धरून ठेवतं, आणि घामाने गेलेलं मीठ शहाळ्याने भरत नाही. पातळ ताक किंवा भाताची पेज बरी, मीठ नेहमीइतकंच.

त्या असंबद्ध बोलायला लागल्या, अंग १०४ च्या वर तापलं, छातीत दुखलं किंवा ८ तास लघवी झाली नाही, तर ड्रिप क्लिनिकचा दरवाजाही बघू नका. १०८ लावा. अंग तापलं असेल तर गाडी येईपर्यंत सावलीत झोपवून अंगावर पाणी मारा, वारा घाला.

सिडको_ओटी
पोरांसाठी राहिलेलं: इंट्राकॅथ काढल्यावर कापूस दाबून दोन-तीन मिनिटं धरायचा, कोपर दुमडून नाही. त्याच दिवशी समुद्रात किंवा स्विमिंग पूलमध्ये हात घालायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्या जागेवरून वर जाणारी लाल, कडक, दुखरी दोरीसारखी रेघ दिसली तर शीर सुजलीय, डॉक्टरांना दाखवा. सोबत थंडी-ताप असेल तर त्याच दिवशी. आणि पावतीवर औषधांची नावं, डोस, बॅच नंबर लिहून घ्यायला विसरू नका. परत आल्यावर इथल्या डॉक्टरांना दाखवायला तोच कागद लागेल.