लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येते का?

बोंडअळी (दर्यापूर तालुका):
राजेहो, एक सांगा. माह्याजवळ २०१५ चा लॅपटॉप हाये. आय३-५००५यू, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. गावातच सेवा केंद्र चालवतो. पीकविम्याचे फॉर्म भरताना लोकं दारात उभे अन् हा गडी नुसता गोल गोल फिरवत बसते. काल एक बुढा म्हणे, "काहून रे, रात्री यालेबी डवरणीले जुंपलं होतं काय?" शहरातला एक दुकानदार म्हणते, नऊ हजार दे, आय७ टाकून देतो. देऊ का?

जुना मदरबोर्ड:
देऊ नका भाऊ! नंबराच्या शेवटी 'यू' आहे ना, तो प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला असतो. खाली ११६८ टाके. एवढ्याशा जागेतले एवढे टाके उकलून परत बसवणं म्हणजे साध्या दुकानातलं काम नव्हे. तो दुकानदार बहुतेक कुठला तरी निघालेला अख्खा बोर्डच टाकेल.

माझ्या जुन्या लॅपटॉपात आय३-२३१०एम होता, सॉकेटमधला. एक स्क्रू अर्धा फिरवला की प्रोसेसर हातात. त्यात मी आय५-२५२०एम बसवला. दोन्ही ३५ वॅटचे, म्हणून पंख्याला झेपलं. ते दिवस गेले.

फॉर्म अडकला की कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात कोणता आकडा १०० ला टेकतो ते सांगा.

बोंडअळी:
पाह्यलं. सीपीयू, म्हंजे प्रोसेसर, ३० च्या आसपास, डिस्क १००. म्हणजे मी उगाच दुसऱ्याच बैलाले तुतारी टोचून राह्यलो होतो.

सेतूवाली ताई:
मग अडीच इंची सॅटा एसएसडी, म्हणजे चिपवाली वेगवान डिस्क टाका, हार्ड डिस्कच्याच जागी बसते. रॅम ८ करा, पण डीडीआर३एल मागा. तो 'एल' महत्त्वाचा, १.३५ व्होल्टवाली. याहून जास्त पैसा यात घालू नका. विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही आणि १० चे नेहमीचे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्येच थांबले. आणि मागचं झाकण उघडाल तेव्हा पंखाही झाडून घ्या.

बोंडअळी:
एसएसडी बसवली ताई. पहिले सुरू व्हाले चहा होऊन जाये, आता चहा मांडेपर्यंत चालू. पंख्याजवळ बोटभर कापसाची गादी निघाली. बाजूलेच कापसाचा काटा हाये ना. तोच बुढा बसला होता. गादी चिमटीत धरून पाह्यली अन् म्हणे, "फरदड हाये, भाव नाही भेटत."