मदत हवी आहे: सिक्युअर बूटमुळे पेनड्राइव्हवरून मिंट चालू होत नाही, बिटलॉकरही आहे

लॅपटॉपवर विंडोज 11 होम आहे, 512 जीबीची एनव्हीएमई डिस्क. शेजारी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचीय. एफ12 दाबल्यावर बूट मेनूत पेनड्राइव्ह दिसतो, पण निवडला की काळ्या पडद्यावर 'शिम एसबॅट डेटा: सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' अशी ओळ येते आणि काही सेकंदांत लॅपटॉप बंद. म्हणजे पेनड्राइव्ह वाचला जातोय, अडतंय ते सिक्युअर बूटपाशी, जे मान्य डिजिटल सही नसलेला प्रोग्राम लॅपटॉप सुरू होताना चालू देत नाही. (शिम म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा सही केलेला छोटा प्रोग्राम.)

आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) मिंट 20.3 चा, 2022 मधला. फाइल नीट उतरली का ते बघायला शा-256 हा तपासणी आकडा जुळवून पाहिला. रूफस या पेनड्राइव्ह बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जीपीटी आणि यूईएफआय निवडून दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर लिहिला, पोर्टही बदलून झाले. फास्ट स्टार्टअप बंद आहे. हाच पेनड्राइव्ह दुसऱ्या जुन्या लॅपटॉपवर विनातक्रार चालतो, तेव्हा 'पुन्हा राइट करून बघ' हा सल्ला कृपया नको. माझ्या मते विंडोजच्या ऑगस्ट 2024 च्या अपडेटने जुने शिम बाद केले, त्याचाच हा परिणाम.

सिक्युअर बूट अजून बंद केलेलं नाही, कारण सी ड्राइव्हवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (म्हणजे बिटलॉकर, डिस्क कुलूपबंद ठेवणारं) चालू आहे आणि असा बदल केला की ते रिकव्हरी की मागू शकतं. 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवली आहे. डिस्क फॉरमॅट करता येणार नाही. इंटरनेट फक्त मोबाइलचं, त्यामुळे नवा मोठा आयएसओ उतरवायचा तर एकदाच.

मिंट 22 घेतलं तर सिक्युअर बूट चालू ठेवून काम होईल का? नसेल, तर बिटलॉकर आधी सस्पेंड (तात्पुरतं स्थगित) करून सिक्युअर बूट बंद केलं आणि इन्स्टॉलनंतर परत चालू केलं, तर त्या दुसऱ्या वेळीही सस्पेंड करावं लागतं का?