मदत हवी आहे: गळाच्या काठीवर दोऱ्याचे वेढे घट्ट बसत नाहीत

मुठाकाठ
घरी केलेल्या गळाच्या काठीवर गळाची दोरी ओवायच्या कड्या दोऱ्यानं बांधून बसवतोय. कडीच्या पायापाशी (काठीला टेकणाऱ्या पट्टीपाशी) आलं की दोरा घसरतो, वेढ्यांमधे फटी पडतात, हात जरा सैल सुटला की सगळं उलगडतं. मांडीत धरून करतोय, तासाभरात मान आणि अंगठा कामातून जातात. यंत्र वगैरे घ्यायचं नाही, घरात जागाही नाही. साध्या सामानात, बसून, आरामात कसं करायचं ते सांगा. आणि कृपया 'तयार काठी घ्या' असं कोणी सांगू नका. लवकर उत्तर द्या, रविवारी पानशेतला जायचंय.

खडकवासलाकर
काठी बांबूची की फायबरची? दोरा कुठला? कड्या विकतच्या की तारेच्या वळलेल्या? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

नदीपात्र
तुम्ही नको म्हणालात तरी सांगतो. तयार फायबरची काठी घ्या. मी इतकी वर्षं वापरतोय, एक कडी निघाली नाही. वेळ वाचतो, तो वेळ पाण्यावर घालवा.

मुठाकाठ
@नदीपात्र, वर लिहिलंय ते वाचा.
@खडकवासलाकर, बांबू आहे. दोरा शिंप्याकडचा. कड्या विकतच्या. पण यानं काय फरक पडतो? मला गुंडाळायचं कसं एवढंच हवंय.

खडकवासलाकर
सगळा फरक त्यानंच पडतो. दोऱ्याचं टोक काडीनं जाळून बघा. जळक्या कागदासारखा वास येऊन राख झाली तर सुती, वितळून गोळी धरली तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. सुती पाणी पितो आणि कुजतो, तो नको. बांबू कधी आणला? ओला असेल तर वाळताना आकसणार आणि आज घट्ट बसलेले वेढे महिन्याभरात सैल होणार.

तपकीरगल्ली
दोऱ्याच्या नादाला लागूच नका. आमच्या गल्लीत वायरवर चढवायची नळी मिळते, गरम केली की आकसते. कडीचा पाय आत, वर नळी, हेअर ड्रायर फिरवा, पाच मिनिटांत काम फत्ते.

खडकवासलाकर
तात्पुरतं ठीक. पण मासा लागून काठी वाकली की नळीतून पाय सरकतो, आणि नळीखाली पाणी साचून बांबू काळा पडतो. दोरा काठीबरोबर वाकतो, वर लेप असला की पाणीही आत जात नाही.

तपकीरगल्ली
माझी काठी गेल्या पावसाळ्यापासून तशीच आहे. काळी पडलेली नाही.

खडकवासलाकर
तुमची फायबरची असणार. हे बांबूचं विचारतायत.

तपकीरगल्ली
हो, फायबरची आहे. बांबूसाठी दोरा घ्या मग.

सुईदोरा
मासेमारीतलं मला कळत नाही, शिवणकाम रोज करते. तुमचं वाचून एक गोष्ट लगेच लक्षात आली. तुम्ही काठी धरून ठेवताय आणि दोरा तिच्याभोवती फिरवताय ना? उलटं करा. दोरा जागेवर, काठी फिरवा. ताण बोटांनी धरायचाच नाही, म्हणून अंगठा दुखणार नाही. दोऱ्याचं रीळ एका पेल्यात टाका, तिथून दोरा जाडजूड पुस्तकाच्या पानांमधून काढा आणि पुस्तकावर वजन ठेवा. कमी-जास्त ताण हवा असेल तर वजन बदला. याहून नेमका हवा असेल तर शिलाई मशीनच्या सुट्या भागांत दोन गोल चकत्या, मधे स्प्रिंग आणि पुढे स्क्रू असा जोड मिळतो. फळीवर ठोकला की झालं.

मुठाकाठ
हे कोणी आधी का सांगत नाही! पण काठी हवेत कशी धरू? सात फुटी आहे.

खडकवासलाकर
बुटांचा खोका घ्या, समोरासमोरच्या दोन बाजूंना व्ही आकाराची खाच कापा, खाचेत जुन्या मोज्याची पट्टी चिकटवा म्हणजे काठी घासणार नाही. खोका टेबलावर, तुमच्या कोपराच्या उंचीला. काठीचं लांब टोक तेवढ्याच उंचीच्या डब्यावर टेकवा. पुस्तक खोक्याच्या पलीकडे. दोन्ही हातांनी काठी आपल्याकडे फिरवायची. उजेड बाजूनं येऊ द्या, वेढे वेगळे दिसतात, मान खाली घालावी लागत नाही.

आता घसरण्याचं. कडीच्या पायाचं टोक बघा, जाड कापलेलं असतं. दोरा काठीवरून त्या पायरीवर चढताना उडी मारतो, फट तिथेच पडते. कानशीनं टोक उतरतं करा, नखाला टोचणार नाही इतकं पातळ, मग पॉलिश पेपर. खालची बाजूही सपाट घासा, बांबूत रुतायला नको. सुरुवात पायाच्या अलीकडे बांबूवर करायची आणि कडीकडे चढत जायचं. उलट कडीकडून आलात तर दोरा उतारावरून निसटणारच.

पेठेतला
दोरा म्हणून मांजा वापरा, मजबूत असतो.

सुईदोरा
नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2017 मधे देशभर बंदी घातलीय. पक्षी जखमी होतात, दुचाकीवाल्यांचे गळे कापलेत. कृपया असलं काही सुचवू नका. शिवाय काचेचा दोरा बोटं कापेल.

भीमाकाठ
रोहूसाठी जाताय का? शेंगदाण्याची पेंड कणकेत मळा, गोळी घट्ट करा. उजनीला आम्ही हेच वापरतो. पण तिथे आता चिलापीच जास्त लागते.

निसर्गवेल्हाळ
महसीर लागला तर कृपया परत सोडा. लोणावळ्याला वळवण धरणाशी टाटांनी त्याचं बीज, म्हणजे पिल्लं, तयार करायला केवढे कष्ट घेतलेत. आणि धरणात गळ टाकण्याआधी चौकशी करा, जलाशयांतले मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात.

मुठाकाठ
दोरा जाळला, गोळी धरली, म्हणजे चालेल. बांबू बुरूड आळीतून आणून दोन महिने माळ्यावर पडलाय. खोका आणि पुस्तक जमलं, पाय घासले, पहिली कडी एकही फट न पडता बसली! आता पुढची अडचण. शेवटी गाठ मारली की फुगवटा येतो, फेव्हिक्विक लावलं तर पांढरं पडतं. शेवट कसा करायचा?

खडकवासलाकर
गाठ मारायचीच नाही. सुरुवातीला दोऱ्याचं टोक काठीवर आडवं ठेवून त्यावरून पाच-सहा वेढे घेतलेत ना, तसंच शेवटाचं. साधारण आठ वेढे उरले की वेगळ्या बारीक दोऱ्याचा एक फास काठीवर ठेवा, फासाचा गोल भाग कडीकडे, दोन्ही टोकं मागे. त्यावरून उरलेले वेढे घ्या. वेढे अंगठ्यानं दाबून धरा, दोरा कापा, टोक फासात ओवा आणि फासाची दोन्ही टोकं एकदम ओढा. दोरा वेढ्यांखालून मागे निघतो. नव्या ब्लेडनं अगदी लगत कापा.

सुईदोरा
कापण्याआधी वेढ्यांवरून काचेची बांगडी दाबून फिरवा, बारीक फटी मिटतात. चमच्याची पाठही चालते, पण बांगडी हाताला छान बसते.

मुठाकाठ
फास जमला, बांगडीही! आता वरून काय लावू? घरात पाच मिनिटांत वाळणारं अराल्डाइट आहे.

खडकवासलाकर
ते नको. पसरायच्या आतच घट्ट होतं आणि लाटा राहतात. दोन भागांचं हळू वाळणारं इपॉक्सी आणा, दोन्ही भाग अगदी समान, नाहीतर चिकटच राहतं. आधी सगळ्या कड्या एका रेषेत आहेत का मुठीकडून एक डोळा मिटून बघा. लेप लागेपर्यंत त्या हलवता येतात, नंतर नाही. लेप दिल्यावर काठी सतत सावकाश फिरली पाहिजे, नाहीतर खाली ओघळ जमतो.

तपकीरगल्ली
इथे माझा उपयोग होईल. मायक्रोवेव्हमधे ताटली फिरवणारी मोटर सुटी मिळते, मिनिटाला पाच-सहा फेरे. व्होल्ट छापलेले असतात ते वाचूनच जोडा, काही 220 च्या असतात, काही 21 च्या. 220 ची असेल तर जोड उघडा ठेवू नका.

सुईदोरा
मोटर नको असेल तर वार्निशचे पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. मी लाकडी फ्रेमना तसंच करते.

मुठाकाठ
वार्निश देतो मग. रंग बदलेल का? दोरा लाल आहे.

खडकवासलाकर
नायलॉन असेल तर काळपट होईल, आरपार दिसू लागतो. आधी एका काडीवर तोच दोरा गुंडाळून वार्निश लावून बघा. आणि सगळ्या कड्या पक्क्या करण्याआधी दोन-तीन तात्पुरत्या चिकटपट्टीनं लावून दोरी ओवा, टोकाला पाण्याची बाटली बांधून काठी वाकवा. दोरी बांबूला कुठे घासतेय ते दिसेल, तिथे आणखी एक कडी लागेल. टोकाकडे कड्या जवळ जवळ, मुठीकडे लांब लांब.