पाठ सरळ करणारे बूट साठ टक्के सुटीत मिळतायत. मी घेणार आहे, अडवा!

खडूफळा : वय 52, माध्यमिक शाळेत गणित शिकवते, सातारा. दिवसाचे पाचेक तास उभी असते. गेली दोन वर्षं कंबर धरते आणि उजवा गुडघा जिना उतरताना बोलतो. मोबाइलवर सारखी एक जाहिरात येते : तळाला होडीसारखी गोलाई असलेले बूट, 'आठ आठवड्यांत पोक जाईल, कंबर-गुडघे विसरा'. छापील किंमत 7,999, सुटीत 2,999. माझा हिशोब सरळ आहे. फिजिओकडे एका खेपेला पाचशे जातात, म्हणजे सहा खेपांच्या पैशांत बूट. फायदा झाला तर झाला, नाही तर निदान बूट तरी राहतील पायात. यात चुकतंय कुठे?

उंटावरून : सूट संपायला किती तास उरलेत असं दाखवतात? आज चार तास असतील तर उद्या परत चारच असतील. 7,999ला तो बूट कधी कोणी घेतला असेल तर मला भेटवा, सत्कार करू.

खडूफळा : काल 04:12 होते. आज सकाळी 05:30. गणिताच्या बाईंना हे कळायला हवं होतं, मान्य.

टाच_चवडा : मी फिजिओ आहे (पाचशेवाली, हो). ताई, किंमत बाजूला ठेवू. ही कल्पना मूळची स्वित्झर्लंडची. कार्ल म्युलर नावाच्या अभियंत्याने 1996 मध्ये 'एमबीटी' हे बूट आणले. नावातला 'एम' म्हणजे आफ्रिकेतले मसाई लोक. तळ गोल आणि टाच मऊ, त्यामुळे पाय स्थिर राहत नाही आणि तोल सावरायला पोटऱ्या-मांड्यांना जास्त काम पडतं. त्यातून पाठ सुधारेल, असा तर्क.

हा तर्क तपासलाही गेलाय. 2013 मध्ये 'स्पाइन' या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी आली. जुनी कंबरदुखी असलेले 115 जण, अर्ध्यांना गोल तळाचे बूट, अर्ध्यांना साधे सपाट तळाचे. वर्षभराने पाहिलं तर गोल तळ वरचढ ठरला नाही. आणि ज्यांची कंबर उभं राहून किंवा चालून दुखायची, त्यांना उलट सपाट बुटांनीच जास्त आराम पडला. उभं राहून दुखणारी कंबर म्हणजे तुमचीच, ताई. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीसाठी असे बूट देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय.

भातखाचर : हे म्युलर म्हणजे तेच गृहस्थ ना, ज्यांची पाठ कोरियात भातशेतातून अनवाणी चालल्यावर बरी झाली म्हणतात? चिखलातून चालून कंबर बरी होत असती तर आमच्या कोकणात आषाढात घरोघरी बामाच्या बाटल्या निघाल्या नसत्या.

टाच_चवडा : गोष्ट तीच सांगतात. पण भाताच्या लावणीत माणूस वाकलेला असतो, चालत नसतो. तुलना थोडी अन्यायाची आहे. :)

डबल_बेल : मी एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो, आता निवृत्त. तुमच्या 115 जणांत मी नव्हतो. असलेच गोल तळाचे बूट दीड वर्षापूर्वी सेलमध्ये घेतले. पहिले चार दिवस डुलत चाललो, नातू हसत होता. महिन्याभरात कंबर हलकी झाली. आता सकाळी चार किलोमीटर चालतो, आधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना दोनदा थांबायचो. अभ्यास तुमचा, कंबर माझी. ज्याचं जळतं त्याला कळतं.

टाच_चवडा : काका, खरंच आनंद आहे. एकच विचारते. त्याआधी पायात काय असायचं?

डबल_बेल : स्लिपर. ड्युटीवर काळे बूट, घरी आल्यावर स्लिपर.

टाच_चवडा : मग घोडं इथे पेंड खातंय. झिजलेल्या स्लिपरवरून तुम्ही बुटावर आलात आणि रोज चार किलोमीटर चालायला लागलात. गुण चालण्याचा आहे, बुटाचा असेल तर कुठल्याही धड बुटाचा.

डबल_बेल : असेल. पण 'बाबा, साधे बूट घाला आणि चालायला लागा' असं मुलगा दहा वर्षं सांगत होता. मी चाललो का? तीन हजार घातल्यावर चाललो, पैसे वसूल करायचे म्हणून! जाहिरातीने फसवलं म्हणा हवं तर, चालायला मात्र तिनेच लावलं.

उंटावरून : हा मुद्दा बिनतोड आहे आणि मला तो अजिबात आवडलेला नाही.

हडसनकाठी : न्यू जर्सीहून. इकडे 2010 च्या आसपास या बुटांची लाट होती. मग सरकारी व्यापार आयोगाने दावे तपासायला घेतले. 2011 मध्ये रिबॉकने अडीच कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवलं, 2012 मध्ये स्केचर्सने चार कोटी. स्केचर्सच्या जाहिरातीत एका कायरोप्रॅक्टरची (हाताने दाब देऊन मणक्यावर उपचार करणाऱ्याची) शिफारस होती. तो कंपनीच्याच मार्केटिंग अधिकाऱ्याचा नवरा निघाला. गिऱ्हाइकांना पैसेही परत मिळाले. एवढं होऊनही तीच होडी आता साताऱ्यात साठ टक्के सुटीत पोचली म्हणजे कमाल आहे.

डबल_बेल : कारवाई 'वजन कमी होतं, स्नायू कमावले जातात' असल्या दाव्यांवर झाली होती ना? कंबरेच्या नाही. पेपर मीही वाचतो.

हडसनकाठी : मुख्य दावे तेच होते, बरोबर. माघार.

मधुमेही_मावशी : गोल तळाला सरसकट झोडू नका हो. चवड्यावरचा दाब कमी करायला मधुमेहाच्या पायांसाठी, अंगठ्याचा सांधा आखडला असेल तरी डॉक्टर तसा तळ सांगतात. मी स्वतः एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या मऊ) रबराची चप्पल वापरते, माप घेऊन शिवलेली. पण ती माझा पाय बघून दिलीय, मोबाइल बघून नाही. दुसरं, साठीनंतर डुगडुगणारा तळ म्हणजे ओल्या फरशीवर विषाची परीक्षा. ज्यांच्या तळव्यांना बधिरपणा आहे त्यांनी तर नकोच.

खडूफळा : कंबरेचं कळलं. गुडघ्याचं काय? तिथेही सपाटच?

टाच_चवडा : नाही, तिथे उत्तर बदलतं. 2021 मध्ये गुडघ्याची झीज असलेल्या 164 जणांवरची ऑस्ट्रेलियातली चाचणी आली. सहा महिने काहींना पातळ, लवचीक सपाट बूट, काहींना टाचेला आधार देणारे भक्कम बूट. चालतानाचं दुखणं भक्कम बुटांनी जास्त कमी झालं. म्हणून तुम्हाला सांगेन : टाच घट्ट धरणारा, मधे पिळला न जाणारा, डुलणार नाही असा साधा चालायचा बूट. सेलमध्ये मिळाला तर खुशाल घ्या. आणि पोक काही बुटाने जात नाही.

शिवाय एक विचारायचंच राहिलं. पाच तास उभं का राहता? वर्गात खुर्ची नाही?

खडूफळा : आहे. बाई बसल्या की मुलं बसतात डोक्यावर, असा आमच्याकडे समज आहे. माझाही.

वकील_नाही_पण : घेतलेच आणि पस्तावलात तर ग्राहक हेल्पलाइन 1915. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेवा, नंतर 'आठ आठवडे' गायब होतात.

खडूफळा : (चार दिवसांनी) मोती चौकातल्या दुकानात जाऊन साधे बूट घेतले, 1,850ला, सूट शून्य. दुकानदाराने संध्याकाळी या म्हणून परत पाठवलं होतं, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप बरोबर येतं म्हणे. कंबरेबद्दल आत्ताच काही सांगत नाही. आज नववी ब चा तास खुर्चीत बसून घेतला. अपूर्णांक नेहमीइतकेच कळले त्यांना, म्हणजे नाही कळले.

डबल_बेल : छान केलंत. माझ्या मोबाइलवर टायमर आज 03:40 दाखवतोय. बायकोसाठी एक जोड घेऊ म्हणतो. ओरडू नका, ती स्लिपर घालून फिरते आणि माझ्याबरोबर चालायला येत नाही.