फक्त कॉन्सर्ट गाऊन करिअर होतं का?

सुरवेडी:
मी मेझो सोप्रानो (बायकांचा मधल्या पट्टीचा आवाज), पाश्चात्त्य संगीताच्या कॉन्झर्व्हेटरीचं शेवटचं वर्ष. आवाजाला गोलाई आहे पण फार मोठा नाही, म्हणून मॅडम म्हणतात ऑराटोरिओ (अभिनय-वेशभूषेशिवाय ऑर्केस्ट्रासोबत गायची मोठी रचना) आणि लीडवर (Lied, पियानोसोबतची जर्मन गाणी) भर दे. वर्गातले सगळे मात्र ऑपेराच्या ऑडिशन्सच्या मागे. नुसतं कॉन्सर्ट गाऊन भागतं का, की ऑपेरात जमलं नाही म्हणून इकडे आली असंच धरतात लोक?

खर्जप्रेमी:
अजिबात नाही धरत! ब्रिटिश गायिका कॅथलीन फेरिअरने स्टेजवर ऑपेराच्या दोनच भूमिका केल्या, ब्रिटनची ल्युक्रिशिया आणि ग्लुकचा ऑर्फेओ, बाकी एवढं नाव झालं ते कॉन्सर्टवर. कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका मॅरियन अँडरसन १९३९ ला वॉशिंग्टनला लिंकन मेमोरियलसमोर ७५ हजार लोकांपुढे गायली, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिल्यांदा उभी राहिली थेट १९५५ ला. तिला वर्णभेद आडवा आला, ती चीड आणणारी गोष्ट आहेच, पण तोवर ती कॉन्सर्टवरच जगभर गाजली होती.

पियानोसाथ:
पैशाचं पण बघ. जर्मनीत थिएटरच्या एन्सेम्बलमध्ये (कायम नोकरीवरच्या गायकांच्या संचात) लागलीस तर महिन्याचा पगार, पण मग ते देतील ती भूमिका करायची. कॉन्सर्टला कार्यक्रमागणिक मानधन, घसा बसला आणि गाता आलं नाही तर बहुतेक वेळा तेही नाही. ईस्टरआधी बाखचे पॅशन्स (येशूच्या यातना आणि मृत्यूवरच्या रचना), डिसेंबरात हँडलचा मसाया हा ऑराटोरिओ, तेव्हा कामच काम आणि मधे मधे शुकशुकाट. रिहर्सल एखाददुसरीच मिळते त्यामुळे रचना आधीच गळ्यात बसलेली हवी, आयत्या वेळी कोणी आजारी पडलं की फोन अशांनाच येतो.

तानपलटा:
आवाज मोठा नाही म्हणून ऑपेरा सोडू नकोस गं. ऑर्केस्ट्राचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तयार गळ्याची धार ३००० च्या आसपास, म्हणून तर माइक नसताना आवाज पार मागे पोचतो. हँडल, मोझार्ट गा, व्हर्दी-वाग्नरची घाई नको, त्यात कोवळे गळे कायमचे बिघडतात. ब्रिटिश मेझो जेनेट बेकरने तर ऑपेरा आणि कॉन्सर्ट दोन्ही केलं, १९८२ ला ऑपेरा थांबवला तरी पुढे कॉन्सर्ट चालूच होते.

सुरवेडी:
खूप धीर आला. हँडलच्या ऑपेरातली सेस्टोची भूमिका बसवतेच आहे. ऑपेराच्या ऑडिशनला सोबत एखादं लीड नेलं तर चालेल?

पियानोसाथ:
नको, तिथे आरियाच (ऑपेरातलं एकट्याने गायचं गाणं) मागतात. हँडल, मोझार्ट आणि एक फ्रेंच ने, लीड रिसायटलसाठी (स्वतःच्या एकल कार्यक्रमासाठी) ठेव.