विंगेतली माणसं राहिलीच की

हौशी नाटकाच्या आठवणींच्या या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की तालमीतच खरी मजा, प्रयोगाचा दिवस भुर्रकन जातो, ते शंभर टक्के पटलं. पण आतापर्यंतच्या सगळ्या आठवणी स्टेजवरच्या आहेत, विंगेतल्या, म्हणजे पडद्यामागच्या माणसांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. आमच्या सांगलीच्या ग्रुपमध्ये मी कायम नेपथ्याला, म्हणजे सेट बनवायला. लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणून फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंती करायच्या, मागच्या नाटकातला वाडा पुसून त्यावरच चाळीची खोली रंगवायची, आणि प्रत्येक फ्लॅटच्या पाठीवर खडूने ‘डावा १’, ‘डावा २’ असं लिहून ठेवायचं, कारण स्पर्धेच्या दिवशी थिएटर ताब्यात आलं की सेट उभा करून लाइट फोकस करायला हातात अगदी मोजका वेळ असतो आणि कुठला तुकडा कुठे हे शोधत बसलं की संपलंच.

राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि त्यात अभिनय-दिग्दर्शनासोबत नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांनाही वेगळी बक्षिसं असतात, हे हौशी मंडळींच्याही लक्षात नसतं. आमच्याकडे मेकअपला बसणारे काका दिवसा बँकेत कॅशियर, संध्याकाळी पोराच्या तोंडावर अशा काही सुरकुत्या काढायचे की पहिल्या रांगेतूनसुद्धा म्हातारा खराच वाटायचा. ग्रुप फोटोत मात्र ते कधीच नसायचे, तेव्हा आत पोरांचे मेकअप उतरवत असायचे. तुमच्या ग्रुपमधल्या अशा लोकांबद्दल पण लिहा ना.