मदत हवी आहे: बारका पक्षी झाडावर बांडगूळ लावतोय, काय करू?

अंबाजोगाईकर: दरवर्षी बांडगूळ काढतो, पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच. वर नव्या चार जागी. एक मातकट बारका पक्षी दिवसभर चिक् चिक् करत तिथंच असतो. जाळी लावू का? लवकर सांगा, उद्या मजूर येणार आहेत.

रानवाट: झाड कुठलं? पक्ष्याचा फोटो?

अंबाजोगाईकर: आंबा. केशर, वडिलांनी लावलेला. फोटो कसा काढू, अंगठ्याएवढा जीव, क्षणभर थांबत नाही.

लातूर_शिवार: पिवळे दोरे गुंडाळलेत ना? मुळासकट उपटून जाळा. आमच्या चाऱ्याच्या घासात तेच झालं होतं.

रानवाट: भाऊ, ती अमरवेल. बांडगुळाला जाड हिरवी पानं असतात, अन्न ते स्वतः करतं. पाणी आणि क्षार मात्र झाडाचे ओढतं.
पक्षी फुलटोचा असणार, जेमतेम ८ सेंटिमीटरचा. बांडगुळाचं फळ अख्खं गिळतो. गर पचतो, बी चिकटच बाहेर पडतं आणि सुटता सुटत नाही. मी दुर्बिणीतून पाहिलंय, बुडाशी चिकट तार लोंबत होती, फांदीवर आडवा होऊन घासत होता बिचारा. ते बी तिथंच रुजतं.

शिवार७: मग जाळीच लावा. पक्षी नाही तर बांडगूळ नाही.

रानवाट: अडकून मरेल तो! १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. शिवाय किडे, कोळीही तोच खातो. बांडगुळाच्या मिटल्या कळीला चोच लावली की ती फट्कन उघडते, पराग डोक्यावर उडतो. एवढं जुनं नातं आहे त्यांचं.

लातूर_शिवार: केशरची कलमं कुठं मिळतील चांगली?

रोपवाटिका_ताई: दादा, आधी सांगा, काढता कसं? फांदी कापता की नुसतं बांडगूळ?

अंबाजोगाईकर: कोयत्यानं बांडगूळच उडवतो. फांदी कशाला कापू, फळ जाईल ना.

रोपवाटिका_ताई: तिथंच चुकतंय. त्याची मुळं फांदीच्या लाकडात शिरलेली असतात, तिथूनच पुन्हा फुटतं. गाठीपासून खोडाकडं फूटभर सोडून फांदीच कापा, तीही बांडगुळाची फळं पिकायच्या आत. कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.

शिवार७: आमच्याकडं नुसतं शेण लावतात.

अंबाजोगाईकर: ताई, उद्या तसंच करतो, जाळी नको. पण बांधापलीकडं भावकीचा लिंब आहे, तो बांडगुळानं भरलाय. त्यांना कसं सांगू?